खाडीकाठचा बुटका मास्ट

कळंबोलीच्या लोखंड बाजारातून पाइप घेऊन टेम्पो आमच्या दारात थांबला, तेव्हा गल्लीतल्या बायका हातातली कामं टाकून बाहेर आल्या. नवीन पनवेलमधली आमची बैठी घरं एकमेकांना चिकटून होती. कुणाकडे काय उतरतंय ते कुणापासून लपत नसे. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, "एवढे पाइप कशाला गं?"

मला सांगायचं होतं की मास्ट उभारायचाय. रेडिओचा.

"म," मी म्हणाले. "म... म... मा..."

"मांडव?" काकूंचा चेहरा उजळला. "अगंबाई! ठरलं की काय तुझं?"

मी जोरजोरात मान हलवली. पण अशा वेळी माझ्या चेहऱ्यावर एक कसनुसं हसू येतं. शब्द अडला की ते आपोआप येतं आणि समोरच्याला ते लाजणं वाटतं. संध्याकाळपर्यंत दोन घरांतून आईकडे चौकशी झाली, मुलगा कुठला, काय करतो. वडिलांना चपला घालून घरोघर जाऊन सांगावं लागलं की लग्नबिग्न काही नाही, ते आमच्या मुलीच्या रेडिओचं सामान आहे.  मी तेव्हा तिशीला टेकले होते. मला बघून गेलेल्या मुलांपैकी बहुतेकांनी पहिलाच प्रश्न नाव काय असा विचारला होता, आणि माझं नाव ज्या अक्षराने सुरू होतं तेच अक्षर मला सगळ्यात जड जातं.

मी अडखळत बोलते. लहानपणापासून. तोतरी हा शब्द मी शाळेत इतका ऐकलाय की आजही कुणी दुसऱ्याबद्दल बोलताना तो वापरला तरी माझी कानशिलं तापतात. तळोज्याच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मला नोकरी होती. तिथे दिवसभर नळ्या, ब्युरेट आणि तराजू यांच्याशी काम असे, त्यांच्याशी बोलावं लागत नसे. फोन वाजला की मात्र मी बेसिनचा नळ सोडून हात धुवायला लागायची, म्हणजे दुसऱ्या कुणाला तो उचलावा लागे.

रेडिओचा नाद मला काकांनी लावला. ते आमच्या नात्याचे नव्हते. जुन्या पनवेलमध्ये खाडीच्या अंगाला राहणारे, कोकणातल्या ज्यूंच्या बेने इस्रायल समाजातले, आयुष्यभर व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर म्हणून काम करून निवृत्त झालेले गृहस्थ. निवृत्तीनंतर हौस म्हणून ओळखीच्यांचे रेडिओ दुरुस्त करायचे. वडिलांचा जुना वाल्व्हचा सेट द्यायला आम्ही दोघं गेलो होतो. आतल्या खोलीतून टिकटिक ऐकू येत होती. मी बघत राहिले, तेव्हा त्यांनी मला बोलावलं, टेबलावरची मोर्स कोड पाठवायची पितळी की माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "हे बोलणंच आहे बाय. यात तोंड लागत नाही."

त्यांनी माझं बोलणं तोपर्यंत एकदाच ऐकलं होतं, तेही दारातलं 'नमस्कार'. तेवढ्यावरून त्यांनी ओळखलं. मला त्याचीही लाज वाटली होती.

पण मोर्स कोड मला फार लवकर आला. बोटं कधी अडली नाहीत. परीक्षा झाली, लायसन यायला पुष्कळ वेळ लागला, आणि अखेर मी घरी बनवलेल्या ट्रान्समीटरवरून पहिल्यांदा हाक घातली. नाशिकच्या एका माणसाने उत्तर दिलं. तो मला न बघता, न हसता, अर्धा तास माझ्याशी हवापाण्याचं बोलला. शेवटी त्याने विचारलं, "इतका स्वच्छ हात कुणाकडे शिकलात?" माझ्या कुठल्याही उच्चाराला आयुष्यात कुणी स्वच्छ म्हटलं नव्हतं.

आता त्या पाइपांचं सांगते. आम्हा हौशी लोकांना जे बँड होते, त्यांत ऐंशी मीटर हा खालचा. फ्रिक्वेन्सी जितकी कमी तितकी लाट लांब. ऐंशी मीटरच्या बँडवर एकेक लाट ऐंशी मीटर लांब असते. तिला नीट दूर पाठवायचं तर खांब निदान तिच्या पाव हिश्शाएवढा हवा, असं सगळ्या पुस्तकांत होतं. पाव हिस्सा म्हणजे वीस मीटर. सहा मजली इमारतीएवढा उंच. त्या वेळी नवीन पनवेलमध्ये इतकी उंच इमारत शोधावी लागली असती. पण आमच्या घरामागे मोठा मोकळा प्लॉट होता, ताणाच्या तारा बांधायला जागा होती आणि वडील निवृत्त होऊन कंटाळलेले होते.

काकांना हे पसंत नव्हतं. "उंची कशाला मोजत बसतेस?" ते म्हणाले. "खालच्या फ्रिक्वेन्सीला पायाखालची जमीन बघायची असते. अर्धं काम अर्थिंग करतं."

त्यांचा स्वतःचा मास्ट बुटका होता. कौलांपेक्षा जेमतेम वर डोकं काढणारा. उंचीची कसर भरून काढायला त्यांनी मधोमध तारेचं जाड वेटोळं बसवलं होतं आणि टोकाला तारांची छत्री केली होती. तो त्यांच्या परसाच्या पलीकडे खाजणाच्या कडेला उभा होता, आणि त्याच्या बुडातून निघालेल्या तारा चिखलात चहूकडे पसरल्या होत्या. भरतीचं खारं पाणी त्यांच्यावरून येई-जाई. मला तो मास्ट केविलवाणा वाटायचा. खरं म्हणजे मला उंच मास्ट हवा होता. का हवा होता, ते तेव्हा विचारलं असतं तर मी पुस्तकातलं कारण सांगितलं असतं.

माझा मास्ट एका रविवारी उभा राहिला. वडील, त्यांचे दोन मित्र, एक फॅब्रिकेटर आणि बघायला आख्खी गल्ली. तो सरळ झाला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे ताणाच्या तारांवर काकूंनी गोधड्या वाळत घालायला सुरुवात केली, आणि ते धोक्याचं आहे हे त्यांना सांगायला मला आईला पाठवावं लागलं.

त्या हिवाळ्यात काकांनी आणि मी दोन मास्टची तुलना करायची ठरवलं. कल्पना त्यांचीच. दिवेलागणीनंतर ऐंशी मीटर दूरवर जायला लागतो. तेव्हा आम्ही दोघं एकाच ताकदीने, आधी मी, मग ते, असे आळीपाळीने कोड पाठवायचो आणि लांबच्या स्टेशनांना विचारायचो की दोघांतलं कोण जास्त जोरात येतंय. कुणाचा खांब उंच आणि कुणाचा बुटका, हे त्यांना माहीत नव्हतं. पुण्याला आणि नाशिकला दोघंही सारखेच ऐकू येत. केरळातल्या एकाने काकांना सिग्नलचे थोडे जास्त गुण दिले. मी म्हटलं, योगायोग असेल. मग कोलंबोने काकांना जास्त दिले. मग आखातातल्या दोन जणांनी. त्यातल्या एकाने मला विचारलं, तुमची तार खाली पडली आहे का?

मी काकांना म्हणाले की तुमचा सेट चांगला आहे. आम्ही सेटची अदलाबदल केली. तरी तेच.

"बाय, तुझ्या खांबात काही खोट नाही," काका म्हणाले. "तुझ्याकडे मुरूम आहे. कोरडा ठक्क. माझ्याकडे खारा चिखल. तुझाच खांब इथे आणून लावला तर माझा कुठल्या कुठे मागे राहील."

ते बरोबर होतं आणि ते समजावून सांगताना त्यांच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. तरी मला गल्लीत शिरताना वर बघवेना. तो खांब कळंबोलीकडून येतानाच दिसायचा. रिक्षावाले आमच्या घराची खूण म्हणून तो सांगायचे. आणि तो एवढा उंच असून खाजणातल्या वीतभर काठीपुढे फिका पडला होता, हे गल्लीत फक्त मला ठाऊक होतं.

हिवाळा सरता सरता हौशी रेडिओवाल्यांचा मेळावा पनवेलमध्ये भरायचा होता. मुंबई, पुणे, अलिबाग इथून माणसं येणार होती. संयोजकांना आमच्या प्रयोगाचं कळलं. त्यांनी काकांना गाठून सांगितलं की हे त्या बाईंनीच सांगायला हवं, आपल्यात बायका आहेत किती? काकांनी मला विचारलं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, 'न' वर अडले, आणि अडल्या जागी कोण जाणे का, हो म्हणून टाकलं.

मी तीन आठवडे तयारी केली. अवघड अक्षरं टाळून वाक्यं रचली. 'मास्ट' ऐवजी 'खांब', 'बुटका' ऐवजी 'ठेंगणा'. आरशासमोर म्हटली, गच्चीवर म्हटली, तळोज्याला जाताना एसटीच्या खिडकीकडे तोंड करून म्हटली. काकांसमोर म्हटली तेव्हा दोनदाच अडले. ते म्हणाले, "उत्तम. मी बाजूलाच बसतो."

मेळाव्याचा हॉल मंगल कार्यालयाचा होता. मागच्या भिंतीवर आदल्या दिवशीच्या लग्नाची थर्माकोलची अक्षरं तशीच होती. चाळीसेक माणसं, बहुतेक पुरुष. माझ्यासमोर माइक ठेवला गेला. सुरुवात बरी झाली. आम्ही काय केलं, कसं केलं, ते मी सांगितलं. हळूहळू, पण सांगितलं. मग निकालावर आले. वाक्य साधं होतं: खाडीकडचा ठेंगणा खांब लांबच्या स्टेशनांना जास्त चांगला ऐकू आला.

'ख' माझ्यासाठी कधीच अवघड नव्हता. त्या दिवशी तो फुटेना.

"ख," मी म्हणाले. "ख... ख..."

माइकमुळे तो आवाज सगळ्या हॉलभर वाजला. खोकल्यासारखा. पुढच्या रांगेतल्या एकाने मला पाण्याचा ग्लास दिला. मी तो घेतला, प्यायले, परत माइकजवळ आले आणि पुन्हा तेच. कुणी हसलं नाही. हसले असते तर मला सवय होती. सगळे खाली बघायला लागले. एक गृहस्थ पेनचं टोपण काढत आणि लावत राहिले. माझा जबडा घट्ट झाला, मान एका बाजूला ओढली गेली. ती तशी ओढली जाते, मी ते आरशात पाहिलेलं आहे. मला माहीत होतं की ते फुटेल. नेहमीच फुटतं. थोडा वेळ लागतो.

तेवढ्यात काका उठले. त्यांनी माझ्यापुढून माइक हलकेच उचलला आणि हसून म्हणाले, "मी सांगतो. बायला स्वतःच्या तोंडाने स्वतःची तारीफ करायचा संकोच वाटतोय. हरलो मी! हिच्या उंच मास्टने माझ्या बुटक्याला साफ लोळवलं."

हॉल मोकळा झाला. लोक हसले, खूप वेळ टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांत सुटका होती, माझी नव्हे, त्यांची. मी काकांच्या बाहीला हात लावला. "न..." म्हणाले. "ना..." त्यांनी माझा हात थोपटला. संयोजकांनी मला पुढे नेलं आणि शाल, श्रीफळ दिलं. मी नारळ हातात धरून उभी राहिले. फोटो निघाला. त्या फोटोतही ते कसनुसं हसू आहे.

घरी आल्यावर आईने शालीची घडी मोडून पाहिली आणि विचारलं, "नीट बोललीस ना?" मी मान डोलावली आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. मी इतकी अडखळले की एका भल्या माणसाला माझ्यासाठी खोटं बोलावं लागलं, हे तिला कसं सांगायचं? आणि ते खोटं आता माझ्या अंगावर शालीसारखं टाकलेलं होतं.

पुढच्याच आठवड्यात आपटा गावाहून एक शिक्षक आमच्याकडे आले. नुकतंच लायसन मिळालेले, मेळाव्याला होते. त्यांना माझा मास्ट बघायचा होता. मागच्या प्लॉटमध्ये मान मागे टाकून ते कितीतरी वेळ बघत राहिले.

"मीही असाच उभारणार," ते म्हणाले. "जागा आहे. नदीकाठालाच घर आहे आमचं. फक्त ताणाच्या तारांना दोन फणस आडवे येतात. आजोबांनी लावलेले. सोमवारी माणूस बोलावलाय तोडायला."

मी एकदम म्हणाले, "न... नको."

"का?"

"ब... ब... बु..."

"बुंध्यापासून नको? मग नुसत्या फांद्या?"

मी आत गेले, वर्तमानपत्राच्या समासावर पेन्सिलीने लिहिलं: खरं तर बुटका मास्ट जिंकला. तुमची जमीन ओली आहे, तुम्हाला उंच लागणार नाही. फणस तोडू नका. त्यांना वाचायला दिलं. त्यांनी वाचलं आणि माझ्याकडे मोठ्या आदराने पाहिलं.

"काका म्हणाले होते, तुम्हाला संकोच वाटतो म्हणून," ते म्हणाले. "पण इतका विनय बरा नव्हे हो ताई. आम्ही सगळ्यांनी ऐकलंय."

चहा पिऊन ते गेले. माझी पेन्सिलसुद्धा आता खरी धरली जात नव्हती.

मी तशीच काकांकडे गेले. दाराला कुलूप होतं. ते आणि त्यांची बायको इस्रायलला कायमचे जायच्या तयारीत होते, मुलगा तिकडे स्थायिक झाला होता. त्या कागदपत्रांसाठी दोघं मुंबईला मुलीकडे गेल्याचं शेजाऱ्यांनी सांगितलं. शनिवारी पुन्हा गेले, तरी कुलूपच. सोमवारी फणस पडणार होते.

रविवारी सकाळी महाराष्ट्रातले हौशी लोक दुसऱ्या एका बँडवर ठरलेल्या वेळी एकत्र येत. पुण्याचे एक डॉक्टर सगळ्यांची हजेरी घेत. बाकीचे तोंडी बोलायचे, मी कोडने. डॉक्टरांना कोड उत्तम यायचा. मी पाठवायचे ते ऐकून ते इतरांसाठी मराठीत मोठ्याने सांगायचे. तेवढी एक माझी सोय सगळ्यांनी ठेवली होती.

त्या रविवारी माझी पाळी आली तेव्हा मी निकाल पाठवायला सुरुवात केली. कोलंबो, आखात, केरळ, कुणी कुणाला जास्त गुण दिले, सगळं. डॉक्टर एकेक वाक्य वाचत गेले. "म्हणजे लांबच्या सर्व स्टेशनांना बुटका मास्ट..." ते थांबले. मला म्हणाले, "ताई, परत पाठवा. काहीतरी उलटसुलट झालंय."

मी परत पाठवलं. त्यांनी वाचलं. आवाज जरा खाली गेला होता. "बुटका मास्ट जास्त चांगला आला. मेळाव्यात सांगितलं ते बरोबर नव्हतं. आपट्याच्या गुरुजींनी झाडं तोडू नयेत."

 मग कुणीतरी विचारलं, "मग काका तसं का बोलले?" दुसऱ्याने म्हटलं, "मलाही तेव्हाच शंका आली होती." तिसरा हसला.

आणि त्या हसण्यावर कुणाची तरी मोर्सची की वाजली. संथ, गोल, जहाजावरचा हात. हजारांत ओळखू आला असता. काका मुंबईहून परत आले होते आणि पहिल्यापासून ऐकत होते. त्यांनी स्वतःची खूण, म्हणजे लायसनवरची ठरलेली अक्षरं, दिली आणि एकच अक्षर पाठवलं, आर. त्याचा अर्थ, मिळालं. पुढे काही नाही.

मी हेडफोन काढून ठेवला. ते घरी आले असतील असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. ज्यांनी मला बोलायला शिकवलं, त्यांनी शिकवलेल्या बोलण्यानेच मी त्यांना चारचौघांत खोटं पाडलं होतं. सांगायला तर हवंच होतं. तरी रिक्षातून जुन्या पनवेलला जाताना मला कुणी ओळखीचं भेटू नये असं वाटत होतं.

काका परसात होते. ओहोटी होती. गमबूट घालून ते चिखलात उतरले होते आणि मास्टच्या बुडातल्या तारा एकेक करून गुंडाळत होते. जायच्या आधी सगळं उतरवायचंच होतं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ये."

मी बांधावर उभी राहिले.

"मी तुझी लाज झाकायला गेलो, बाय," ते म्हणाले, "आणि तू माझी उघड्यावर आणलीस."

"मी आले होते. कु... कुलूप होतं. दोनदा."

"शेजारचा म्हणाला." त्यांनी तार चिखलातून ओढली. "माझी तक्रार नाही. झाडं वाचायला हवीत. मी ऐकत होतो आणि वाटत होतं, काय सुरेख हात आहे पोरीचा. आणि त्याच वेळी वाटत होतं, आता थांबेल तर बरं." ते सरळ उभे राहिले. सत्तरीच्या माणसाचा चेहरा असा उतरलेला मी पाहिला नव्हता. "एवढी वर्षं जहाजावर होतो. चुकीचा संदेश कधी पाठवला नाही. आणि इथे, मंगल कार्यालयात..."

"क... का?" मी विचारलं.

"सगळे तुझ्या तोंडाकडे बघत होते. मला बघवेना. म्हटलं काहीतरी असं बोलावं की लोक टाळ्या वाजवतील आणि तू सुटशील."

मला जे म्हणायचं होतं ते मी आठवडाभर मनात घोळवत होते. ते अवघड अक्षरांनी भरलेलं होतं आणि मी ते बदललं नाही. "म... मी बोलणार होते, काका. म... म..." जबडा आवळला, मान ओढली गेली. काकांचे ओठ हलले. मला पुरवायला शब्द त्यांच्या तोंडात तयार होता, मला दिसत होता. त्यांनी तो गिळला आणि खाली चिखलाकडे पाहिलं. "मला वेळ लागला असता. फ... फक्त वेळ."

"किती?"

"लागेल तेवढा."

त्यांनी तारेचं भेंडोळं माझ्या हातात दिलं आणि दुसरी तार सोडवायला वाकले. मी चपला काढून चिखलात उतरले. आम्ही सगळ्या तारा गोळा केल्या. आतून त्यांच्या बायकोने दोनदा चहाला हाक मारली. चहा घेताना तिने मला विचारलं, "काय झालं गो तुमचं? सकाळपासून हे तोंड मिटून बसलेत." काका म्हणाले, "काही नाही. बायने माझी चूक दुरुस्त केली." ते हसत म्हणाले, पण कपाकडे बघत.

निघण्यापूर्वी त्यांनी घरी मलिदा केला. त्यांच्याकडे मोठ्या कार्याआधी प्रार्थना करून पोहे, ओलं खोबरं, गूळ आणि फळं यांचं ताट वाटतात. त्यांनी रेडिओवाल्या सगळ्यांना बोलावलं होतं. फार थोडे आले. काही जणांना खरोखर कामं असतील. एक जण आला तो दारातच म्हणाला, "काय काका, आज कुणाला जिंकवणार?" काका हसले. मी ताट धरून तिथेच होते. त्या माणसाला बोलायचं सोडाच, मला त्याच्याकडे बघताही येईना. आपट्याचे शिक्षक मात्र सपत्नीक आले, फणस शाबूत असल्याचं सांगितलं आणि काकांच्या पाया पडले. काकांनी आपला बुटका मास्ट, वेटोळं आणि छत्रीसकट, त्यांना देऊन टाकला. नदीकाठी तो चांगला चालला असं पुढे कळलं. माझा उंच मास्ट दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत होता. मग शेजारच्या प्लॉटवर बांधकाम सुरू झालं, ताणाच्या तारांना जागा उरली नाही, आणि वडिलांनी तो उतरवून घेतला.

काका इस्रायलला गेल्यावर मी बरेच दिवस रविवारी हजेरीला जात नव्हते. गेले तेव्हा सगळे माझ्याशी फार अदबीने वागले, आणि त्या अदबीत मला त्या हॉलमधली खाली घातलेली डोकी दिसत. खरं सांगितल्याचं समाधान मिळेल अशी माझी समजूत होती. ते मिळालं नाही, किंवा थोडं मिळालं आणि काकांच्या त्या एका अक्षराखाली दबून राहिलं.

पुढच्या हिवाळ्यात, एका संध्याकाळी, आई स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती तेव्हा ऐंशी मीटरवर मी तो हात ऐकला. अगदी क्षीण. नवीन खूण, परदेशी, पण हात तोच. मी उत्तर दिलं. काकांनी ओळखलं. त्यांनी तिकडे इमारतीच्या गच्चीवर एक तार टाकली होती, इमारतीतल्या लोकांना ती आवडत नव्हती. गुडघे दुखतात म्हणाले. पनवेलमध्ये थंडी पडली का, विचारलं.

मला त्यांची माफी मागायची होती. पण माफी कशाची मागायची हे मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं, आणि हवेत सगळेच ऐकत असतात. मी विचारलं, माझा सिग्नल कसा येतोय? आम्हा लोकांत असं विचारलं की दुसरा शिष्टाचार म्हणून सर्रास पूर्ण गुण देतो. जेमतेम ऐकू येत असलं तरी देतो. काकांनी थोडा वेळ घेतला, बहुधा खरंच मोजत असावेत, आणि मला फार कमी गुण दिले. पुढे जोडलं, मधूनमधून बुडतेस.

मीही त्यांना खरे तेवढेच दिले. तेही कमीच होते. मग सिग्नल खाली गेला. मी अजून दोन वेळा हाक घातली, काही आलं नाही, तेव्हा सेट बंद करून मी आईला भाकऱ्या भाजू लागायला आत गेले.